तीन इसा सात

सांगलीच्या बसमध्ये अंकिताचं डोकं जयराजच्या खांद्यावर पडलं, त्यात तिचा काडीचाही बेत नव्हता. पोरीला झोप लागली होती, एवढंच! पहाटे वडूजला बसलेली ती... विट्याला चढून शेजारी टेकलेला तो. तासगाव आलं तेव्हा ती दचकून उठली.

"उठवायचं की रं!"

"एवढी गाढ झोपलेलीस... जिवावर आलं."

दोघं बारावीतली, आणि निघाली होती एकाच ठिकाणी. विश्रामबागेतल्या एका कॉलेजनं बारावीच्या मुलांसाठी रविवारी पदवीचा संख्याशास्त्राचा पेपर सुरू केला होता. पास झालं की क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आपल्या नावच्या ऑनलाइन खात्यावर, पुढं तिथंच प्रवेशाला प्राधान्य, आणि पहिल्या वर्षाला तो पेपर माफ. ऐकायला लय झ्याक! पण सहा दिवस बारावी आणि सातव्या दिवशी पदवी... सुट्टीचा रविवार कसा असतो, हेच अंकिता विसरली.

पुढं दर रविवारी ती शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायची, विट्याला तो चढला की उचलायची. बोलणं बेताचंच. "वाचलंस?" — "न्हाई. तू?" — "मीबी न्हाई." आणि दोघं डोळे मिटायची. आता याला प्रेम म्हणा, नाहीतर दमणूक म्हणा.

परवा निकाल लागला, दोघं पास. आज पाचपर्यंत क्रेडिट खात्याला जोडायचे होते, नाहीतर सगळं वर्ष पाण्यात. जयराजचं पटकन झालं. अंकिताचा ओटीपी मात्र तिच्या आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनवर गेला, कारण आधारला नंबर त्यांचा. आणि कोंडीबा आप्पा होते मेंढरं घेऊन लांब कुठल्याशा डोंगरात. त्यांच्या फोनची वाट बघता बघता अंकिता कॉलेजच्या संगणकापुढंच डोकं टेकून झोपली.

तिचा फोन वाजला तो जयराजनंच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"आप्पा, मी जयराज, अंकिताच्या वर्गातला. तिला जरा डोळा लागलाय. आकडा सांगा, मी टाकतो."

"ल्ही. तीन इसा सात. चार इसा दोन. इसावर एक."

जयराजनं टाकलं... तीन, दोन, शून्य, सात... सहा चौकटी भरल्या तरी आकडे उरलेच! घाबरून त्यानं बटण दाबलं. चूक. दुसऱ्यांदा त्यानं 'इसा' गाळले आणि मध्ये एक शून्य कोंबलं. तेही चूक! पडद्यावर लाल अक्षरं आली — शेवटचा प्रयत्न.

"अंकिता, ऊठ! मी घोळ घातला..."

तिनं अर्धवट उघड्या डोळ्यांनी आप्पांना पुन्हा बोलायला लावलं आणि झटक्यात टाकलं, सदुसष्ट, ब्याऐंशी, एकवीस. हिरवी खूण आली.

"येड्या, आमच्यात मेंढरं विसानं मोजत्यात. तीन इसा म्हंजी साठ, वर सात! आणि म्हणं संख्याशास्त्र पास!"

तिनं खुर्चीत अंग टाकलं. आनंद करायलासुद्धा त्राण नव्हतं, आणि एकाएकी तिला रडूच आलं.

"आता काय झालं?"

"दमले रं... आणि आता रविवारी तू न्हाईस."

जयराज खाली बघून म्हणाला, "घरचे पुण्याला पाठवायचं म्हणतायत. पण मी अर्ज इथंच भरणार हाय."

"का?"

"असंच..."

"कोडी नको घालू. डोकं चालत न्हाई माझं. सरळ सांग."

"आवडतेस मला. लय."

अंकितानं ओढणीनं डोळे पुसले. "मलाबी तू—"

टेबलावर कुणीतरी खोकललं.

"रेंज जायाच्या आत येवढं सांगा, आकडा बरूबर लागला का न्हाई?"

फोन चालूच होता!

"ला... लागला, आप्पा," अंकिता कशीबशी म्हणाली.

"ब्येस." मागं मेंढरं ओरडत होती. आप्पांनी त्यांना हाकारलं. मग म्हणाले, "पोरा, आमी मिरगाला, पाऊस लागला की घरला येतो. तवा ये च्या प्यायला. काय बोलायचं ते माझ्या म्होरं बोल."

आणि रेंज गेली. जयराजच्या कपाळाला दरदरून घाम फुटला होता, आणि अंकिता रडता रडताच हसत सुटली.