सातवी बाजू

मुलुंडच्या सुलक्षणाबाई घाणेकरांकडे शनिवारी दुपारी चार-पाच माणसं रेकॉर्डी न्यायला येत. सगळे अठराव्या शतकातले युरोपी ऑपेरा, नवऱ्याने बोटीवरच्या नोकरीत जमवलेले. तो गेल्यावर बाईंनी नियम केला होता : स्वतः ऐकल्याशिवाय शिफारस करायची नाही.

चौऱ्याऐंशी साली तो मोडला. बाईंचा एक कान गेला होता. दुसरा दिवाळीपर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उरलेलं ऐकणं त्या जपून वापरत, आणि शिफारशी आठवणीवर करत.

भिकाजी राणे गिरणी संपापासून घरीच बसलेले, दशावतारावर वाढलेले. म्हणायचे, “शब्द कळणत नाय, पण कोण मरतला ता बरोब्बर कळता.” त्यांच्यासाठी बाईंनी हाताला आलेली रेकॉर्डींची पेटी काढली. ती त्यांनी कधी उघडलीच नव्हती. कंटाळून ठोकून दिलं, “शेवटी एक बाई एकटीच गाते. साथ नाही. ते चुकवू नका.”

पुढच्या शनिवारी भिकाजी पेटी परत देताना हळूच म्हणाले, “सातवी बाजू ऐकली, बाय.”

“तीन रेकॉर्डी, भिकाजी. सहाच बाजू.”

“सहा संपल्यावर ती गाता. साथ नाय.”

मग मंजुळाने नेली. शेजारीण, तोंडाची फटकळ. “सुलू, कसली शिफारस केलीस गं! वाट लागली माझी. आधी लांबून गाते ना, मग परत लावली की जरा जवळ येते.”

बाईंना झोप लागेना. कान जायच्या आत आपण रचलेलं ते गाणं ऐकायला हवं होतं.

सोमवारी दुपारी त्यांनी सहाही बाजू ऐकल्या. सुई उचलून ठेवली. पंखा घरघरत होता. खाली भांडीवाली ओरडत होती.

मग आवाज आला. लांबून, स्वच्छ.

बाईंनी शेवटची बाजू पुन्हा लावली. आवाज दाराशी आला.

पुन्हा. खुर्चीमागे.

चौथ्यांदा तो कुठून आला, ते कळलंच नाही. पंखाही थांबल्यासारखा वाटला. वर पाहिलं, तर तो फिरत होता.

शनिवारी माणसं जमली. बाईंना नुसते हलणारे ओठ दिसत होते. भिकाजींनी कपाटाकडे बोट केलं : आज काय नेऊ?

सांगायचं म्हणून बाईंनी श्वास घेतला.

भिकाजी खाली बसले. मंजुळाने पदर तोंडाला लावला. कुणीच हलेना.

बाईंनी घाईने ओठांवर हात ठेवला. ओठ मिटलेले होते.

घसा मात्र गाताना थरथरावा तसा थरथरतच होता.