मुरमाच्या खड्ड्याकडून आलेली हाळी

आधीच सांगतो, हे माझ्यासोबत खरं घडलंय. पटलं तर ठेवा विश्वास, नाहीतर सोडून द्या. मला काही तुमच्याकडून बक्षीस नकोय.

मी शंभू. कारेगावला कंपनीत आहे, सुट्टीला गावी येतो. गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. वस्तीला लागूनच मोठा गवताळ माळ.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चंपाषष्ठीचा दुसरा दिवस. दिवस नुकताच मावळला होता.

माळावर आम्ही दोघंच. मी आणि सुलक्षणा मॅडम. त्या लांडग्यांची मोजदाद करतात. लांडगा सहजी दिसत नाही, म्हणून त्याच्यासारखी हाळी द्यायची आणि उत्तर येतंय का बघायचं. तीन हाळ्या. मग दहा मिनिटं गप्प.

हे काम खरं तर रखमाजीमामाचं. माझ्या आईचा भाऊ. ना बायको, ना लेकरं, आमच्याकडंच राहायचा. उभा जन्म मेंढरांमागं गेला, पण लांडग्याला कधी शिवी दिली नाही.

"त्याचा बी वाटा हाय की रं," म्हणायचा.

त्याच्या हाळीला लांडगं हटकून उत्तर द्यायचं. मला त्यानंच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तो याच माळावर वारला.

"शंभू, आज काहीतरी मिळायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. "रखमाजीमामा गेल्यापासून इथं एकही नोंद नाही. आजही नाही झाली, तर हा माळ सोलरवाल्यांना जाणार. मग लांडग्यांनी जायचं कुठं?"

मी तोंडाशी हात धरून तीन हाळ्या दिल्या.

गप्प बसलो.

टिटवी नाही... रातकिडा नाही... वस्तीवरची कुत्रीसुद्धा चिडीचूप.

आठ मिनिटं झाली. मॅडमनी निराश होऊन मान हलवली.

आणि मग...

मुरमाच्या खड्ड्याकडून हाळी आली.

एक...

दोन...

तिसरी मध्येच तुटली. आणि बारीकसा खोकला आला.

अहो, हाळी देताना लांडगा खोकतो होय? मामा खोकायचा. बिडीनं छाती पोखरली होती त्याची.

"आला!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "शंभू, आला हो! पुन्हा द्या हाळी!"

"मॅडम, घरी चला."

"अहो, असं काय करताय? रेकॉर्ड झालंय! माळ वाचला आपला!"

"खोकला ऐकला का तुम्ही?"

"कसला खोकला?"

त्यांनी तिथंच रेकॉर्डिंग लावलं. मला त्यातही खोकला ऐकू आला. त्यांना नाही.

सकाळी उजेडात खड्ड्यापाशी जाऊन आलो. भोवतीनं सगळी भुसभुशीत माती. पण एक पाऊल उमटलेलं नाही. लांडग्याचं नाही, माणसाचं नाही.

आता जे सांगतोय ते मी मॅडमना सांगितलेलं नाही. बायकोला, मोनिकालाही नाही.

मामा त्याच खड्ड्यात पडला होता. मांडी मोडली होती. रात्रभर तो हाळ्या देत राहिला. माणसाच्या ओरडण्यापेक्षा ती हाळी लांब जाते, म्हणून तीच दिली असणार.

सगळ्या वस्तीनं ऐकली.

"म्हातारा लांडगं बोलावतोय," म्हणून लोक हसले.

मी पण त्या रात्री घरीच होतो. मीही हसलो, पांघरूण डोक्यावर ओढलं आणि झोपलो.

सकाळी सापडला तेव्हा तो गार झाला होता.

सोलरचं काम थांबलंय. लोक खूश आहेत. कारण आता रोज दिवेलागणीला माळावरून हाळी येते. मी गावी असलो की मलाही ऐकू येते. खूप लाज वाटते हो. आणि भीतीही वाटते. पण त्या सकाळनंतर पुन्हा त्या बाजूला पाय टाकायची हिंमत झालेली नाही.

परवा मोनिका भाकरी थापता थापता थांबली.

"ऐकलं का? एकटाच हाय वाटतं बिचारा. किती येळ झालं बोलावतोय... कुणी उत्तरच देत न्हाई त्याला."

मी उठलो आणि दार लावून घेतलं.