सासूबाईंचा जंतुचष्मा

जंतुचष्मा बाजारात आला आणि सांगलीतल्या सासूबाईंची मोठी सोय झाली. सुनेच्या स्वयंपाकघरात नेमकं काय वाईट आहे, हे आता पुराव्यानिशी सांगता येऊ लागलं. सुलभाबाई बर्व्यांनी पहिल्याच आठवड्यात तो घेतला.

"दही हिरवं दिसतंय. हे पोटाचे मित्र," त्या सून रेवतीला शिकवत. "ओट्याचं फडकं मात्र पिवळं. आतड्यातले जंतू. आतड्यात असतात तोवर गुणी, ताटात आले की जुलाब. आणि तुझं नाक सोनेरी आहे. कणीक मळताना शिंकू नकोस."

चष्म्याचा प्रकाश जंतूंवर पडून परतताना त्यांच्या जातीप्रमाणे रंग बदलत असे. सुलभाबाई सगळं घर तपासत. स्वतःचे हात पाहायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

ते पाहिले रेवतीनं. फडकं उकळल्यावर खात्री करायला तिनं चष्मा लावला, तेव्हा सुलभाबाई बाळाला गुटी चाटवायच्या बेतात होत्या. गुटीचं बोट नखापासून जांभळं होतं.

"द्या इकडे, ओला झालाय," म्हणत तिनं बाळ उचललं.

चष्म्यासोबतच्या पुस्तिकेत, अगदी शेवटच्या पानावर, जांभळा म्हणजे विषमज्वर, टायफॉइड. त्याच तापानं तिची थोरली लेक इरा गेली होती, आणि "बाहेरची भेळ चारलीस" हे वाक्य तेव्हापासून या घरात मिठासारखं रोज वापरलं जाई.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "काहींच्या पित्ताशयात हे जंतू वर्षानुवर्षं सुखानं नांदतात. त्यांना स्वतःला साधी कणकण येत नाही. त्यांच्या हातचं खाणाऱ्यांना येते. महिनाभर गोळ्या द्या."

"कॅल्शियमच्या म्हणून देऊ," नवरा श्रीरंग म्हणाला. "कळलं तर आई जगायची नाही गं. इरा तिचा जीव होती."

"आणि माझी कोण होती?"

श्रीरंग चपला घालून गोळ्या आणायला निघाला. अशा वेळी निघण्यात त्याचा सराव दांडगा होता.

तरी रेवती गोळ्या घेऊन गेली. देणारही होती.

"कॅल्शियम आहे, आई."

"ठेव तिथे. आधी हात धुतलेस का?" सुलभाबाई म्हणाल्या. "एक लेकरू घालवलंस, याला तरी जप."

रेवतीनं चष्मा पदरानं पुसला, अगदी मायेनं त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि त्यांचेच दोन्ही हात उचलून त्यांच्यासमोर धरले.

सुलभाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. हा रंग त्यांना घरात आजवर कुठेच दिसला नव्हता. त्यांना जरा कौतुकच वाटलं.

"जांभळा कसला गं, रेवती? चांगला ना?"