शेपटाची जागा

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजलेलं नाही ते वहीत लिहायचं नाही, ही माझी वीस वर्षांची सवय. तेव्हा पुढच्या मजकुरात मीठमसाला शोधू नका. जेवढं घडलं तेवढंच लिहिते आहे.

ऑक्टोबरमधला रविवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपार. रात्र नव्हती, की ओसाड जागाही नव्हती. लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी आखलेली, साडेचार किलोमीटरची, फिरून सुरुवातीलाच येणारी सोपी डोंगरवाट. ठरावीक अंतरावर दगडांवर पिवळे ठिपके. वाटेत मेंढ्यांच्या कुरणांची तीन लाकडी फाटकं.

बरोबर माझी नऊ वर्षांची लेक.

पूर्वी आम्ही तिघं यायचो. लेक सगळ्यात पुढे, मी मध्ये, नवरा शेवटी. शेवटच्याला आम्ही 'शेपूट' म्हणायचो. पुढच्याने एक शिट्टी वाजवायची, म्हणजे 'आहात ना?' शेपटाने दोन आखूड वाजवायच्या, म्हणजे 'आहोत, चल.' उत्तर येईपर्यंत पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. एक लांब शिट्टी म्हणजे 'थांब'. आणि फाटकाला कडी घालायचं काम शेपटाचं.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. हृदयविकार, दवाखान्यातच. त्यानंतर त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा आलो.

वाटेच्या सुरुवातीला एक म्हातारा पहारेकरी वहीत नोंद करतो.

"किती जणं?"

"दोघी."

"बस? आज कुत्रंही फिरकलं नाही इकडे. वर धुकं आहे, ताई. लवकर खाली या. आणि काय गं, म्होरक्या तू का?"

"मग? आईला रस्ता कुठे कळतो! ती ठिपके मोजत बसते," लेक म्हणाली.

तो हसला. मीही हसले.

चालायला लागल्यावर लेकीने विचारलं, "आई, शेपूट कोण?"

"आता कोणी नाही. दोघींत कसलं आलंय शेपूट?"

ही माझी चूक. ती जागा मी घ्यायला हवी होती. पण ती त्याची होती... मला घेववली नाही.

पहिलं फाटक ओलांडलं. दोनशे पावलं गेल्यावर आठवलं, कडी कोणीच घातली नाही. लेक सवयीने पुढे गेली होती, मी सवयीने तिच्या मागे.

लेकीला थांबवून फाटकापर्यंत मागे गेले.

फाटक बंद होतं.

वाऱ्याने लागलं असेल, असं म्हणाले असते. पण ती आपोआप बसणारी कडी नव्हती, साखळी होती. उचलून खिळ्यात अडकवावी लागणारी...

साखळी खिळ्यात होती.

मी परत जाऊन लेकीला गाठलं.

दुसऱ्या फाटकाची साखळी मात्र मी स्वतः अडकवली. तिथून पुढे धुकं दाट झालं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, त्याही एकाएकी थांबल्या. लेकीचा लाल कोट दिसत होता... मग तोही दिसेना.

"अगं, थांब!"

पुढून एक शिट्टी आली. लेकीची.

माझी शिट्टी पिशवीच्या तळाशी होती. मी चाचपडत होते. तेवढ्यात...

दोन शिट्ट्या.

माझ्या मागून.

साधारण शंभर पावलांवरून. कोणी दुसरे फिरायला आले असतील, असं वाटायला हवं होतं. पण पहारेकऱ्याचं बोलणं आठवलं. आणि त्या शिट्ट्या आखूड नव्हत्या. नवरा वाजवायचा ते टेबलावर दोनदा बोट आपटल्यासारखं. या ओढलेल्या होत्या. दोहोंमध्ये जरा जास्तच अंतर... कोणीतरी आठवून आठवून वाजवल्यासारखं.

पुढे लेकीची पावलं वाजली. तिला उत्तर मिळालं होतं. ती निघाली होती.

त्या टप्प्यावर डाव्या हाताला दगडाची जुनी खाण आहे.

मला माझी शिट्टी सापडली. मी एक लांब वाजवली. थांब.

लगेच मागून दोन. चल.

पुन्हा लांब वाजवली. पुन्हा दोन.

आता मागचा आवाज जवळ होता. चाळीस पावलं... फार तर.

मी मागे पाहिलं नाही. पळाले.

लेक खाणीच्या कुंपणापाशी खाली बसलेली सापडली. तारा तुटलेल्या होत्या. तिथून कडा पाच पावलांवर. नंतर मोजली.

"कानात बोळे घातलेस का? थांब म्हणत होते ना मी!"

"पण शेपूट चल म्हणालं. शेपटाचं ऐकायचं असतं."

"मग थांबलीस का?"

"लेस सुटली."

बुटाची लेस. एवढंच.

मी तिचा हात धरला तो मोटारीपर्यंत सोडला नाही. तिसरं फाटक उघडं टाकून आलो. मागून साखळीचा आवाज आला. खिळ्यावर बसताना येतो तसा.

पहारेकऱ्याने वहीत खूण केली. "फाटकं लावलीत ना?"

"लावली," लेक म्हणाली. "बाबाने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

घरी येताच कपाट उघडलं. नवऱ्याची शिट्टी डबीत जागेवर होती. कोरडी. तिच्यावर धूळही तशीच.

लेक त्या दिवसापासून खुशीत आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा ती जेवताना बडबडते. तो आवाज तिच्या बाबाचा नव्हता, हे मी तिला सांगितलेलं नाही. ज्याने तिला कड्याकडे 'चल' म्हटलं तो तिचा बाबा कसा असेल? पण हे नऊ वर्षांच्या मुलीला कुठल्या शब्दांत सांगायचं?

दाराची कडी आता मी स्वतः घालते. दोनदा तपासते.

"आई, कडी नको ना घालू. शेपूट अजून मागे आहे," ती म्हणते.

काल संध्याकाळी ती अंघोळीला गेली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी कडी घालायला दारापाशी गेले. आणि बाहेरून...

दोन शिट्ट्या.

या वेळी आखूड. टेबलावर दोनदा बोट आपटल्यासारख्या. हुबेहूब नवऱ्याच्या.

बाहेर जो होता, त्याला जमलं होतं.

मला माहीत आहे तो कोण नाही ते. तरी माझा हात कडीवर थांबला.

किती वेळ, ते मी मोजलं नाही.