जनाना खेळ

जालन्यातली ती कापसाची जिनिंग उन्हाळ्यात बंद असायची. एकोणीसशे एकोणतीस सालच्या मे महिन्यात सिनेमावाल्या रामरावांनी तिचं मोठं गोदाम भाड्यानं घेतलं आणि तिथं दुपारचे सिनेमाचे खेळ सुरू केले. झरोक्यांना गोणपाट लावलेलं, एका भिंतीवर पांढरं कापड ताणलेलं, आणि सगळीकडं सरकीचा तेलकट वास. सिनेमा मुका होता. मधल्या पाट्या उर्दूत आणि इंग्रजीत, त्या वाचणारे मोजकेच. म्हणून कापडाशेजारी उभं राहून गोष्ट सांगायला रामरावांना एक माणूस हवा होता. बदनापूरचे राधाकिसन मास्तर सुट्टीत मोकळे होते, आणि आवाज खणखणीत.

मास्तर लगेच हो म्हणाले ते सिनेमाचं नाव ऐकून. ‘दौलतरावाची कैफियत’. ज्या कादंबरीवरून तो काढला होता, ती त्यांना जवळजवळ पाठ होती.

सतरा वर्षांचे असताना त्यांनी ती थोरल्या बहिणीला वाचून दाखवली होती. जयवंताबाई तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आली होती. दुपारी ओसरीवर ती ज्वारी पाखडायची आणि धाकटा भाऊ वाचायचा. सूप थांबलं की त्यानं ओळखावं, गोष्ट हिला लागली. अंगणातल्या कडुलिंबाचा मोहोर पुस्तकाच्या पानांवर पडायचा, तो फुंकर मारून उडवायचा आणि पुढं वाचायचं. एवढ्या वर्षांत मास्तरांनी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण तसं वाचणं पुन्हा झालं नाही.

ती कादंबरी दौलतराव स्वतःच सांगतो. गोड बोलतो, मधूनमधून डोळे पुसतो, आणि बायको सुंद्रा नदीत कशी बुडाली ते तीनदा सांगतो. तिन्ही वेळा निराळं. वाचणाऱ्याला संशय येत जातो, आणि शेवटच्या पानावर त्याच्या तोंडून निसटतंच, ‘मी तिचा हात सोडला.’

त्या पानाशी आल्यावर जयवंताबाईनं सूप खाली ठेवलं होतं. “त्यानं धरलं असंल ना रे तिला?”

तिचा स्वतःचा नवरा कसा होता, हे घरात कुणी बोलत नसे. राधाकिसननं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि वाचलं, “तिचा हात सुटला.”

पुढं तिनं ती गोष्ट कितीदा वाचून घेतली! दर वेळी हात सुटलाच. “दौलतराव लई भला मानूस,” ती म्हणायची आणि पुन्हा सूप हातात घ्यायची.

रामरावांनी सिनेमा आधी एकदा चालवून दाखवला. नदीचा प्रसंग आला आणि मास्तर उठून उभेच राहिले.

“रामराव, हा दौलतराव न्हाई. पुस्तकात त्यानंच बुडवलं तिला. इथं तर हा तिच्यामागं उडी घेऊन राह्यला. अन् भांडखोर कोण, तर सुंद्रा!”

“मास्तर, पुस्तकात तो आपल्या तोंडानं बोलतो. म्हणून लोक त्याचं खोटं पकडतेत. पडद्यावर कोण बोलतंय? दिसलं ते खरं. मंग नायक चांगलाच पायजे. तुम्ही बराबर दिसंल तेवढंच सांगा.”

मास्तर खाली बसले. ओसरीवर त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?

शुक्रवारचा पहिला खेळ छान झाला. नदीच्या प्रसंगात सुंद्रा खडकावर पाठमोरी उभी असते, पाय घसरतो, दौलतराव तिच्यामागं उडी घेऊन हात पुढं करतो, पण प्रवाह तिला ओढून नेतो. मास्तरांनी आवाज कापरा केला. लोकांनी डोळे पुसले.

रविवारी सुंद्रा पूर्ण पाठमोरी नव्हती. गालाची कड दिसत होती. सांगण्याच्या नादात परवा आपलं लक्ष गेलं नसेल, असं मास्तरांना वाटलं.

मंगळवारी तिनं मान खांद्यापर्यंत वळवली. ती दौलतरावाकडं बघत नव्हती. कापडाच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत होती, आणि त्या बाजूला मास्तर उभे होते.

यंत्राचं हँडल फिरवणाऱ्या कचरूला त्यांनी विचारलं, “रीळ बदललं का रे?”

“न्हाई मास्तर. रोज मीच गुंडाळतो. बिलकुल तेच हाय.”

गुरुवारी फक्त बायकांसाठी खेळ होता, जनाना खेळ. जयवंताबाई धुतलेलं लुगडं नेसून मास्तरांबरोबर रेल्वेनं आली. तिनं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. “आपला दौलतराव दिसतो म्हनं,” ती वाटेत दोनदा म्हणाली. गोदामात ती पुढच्याच पोत्यावर बसली.

मास्तरांनी गोष्ट सुरू केली. दौलतराव दिसला तशी ती शेजारणीला म्हणाली, “भला मानूस हाय.”

मग नदी आली.

सुंद्रा समोर तोंड करून उभी होती. छातीपर्यंत पाण्यात. दौलतरावानं तिचा हात धरलेला होता.

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

यंत्राची खडखड ऐकू येत नव्हती.

दौलतरावानं एक बोट उचललं. मग दुसरं. घाई नव्हती त्याला.

सुंद्राचे ओठ हलू लागले.

खूप वेळ हलत राहिले. मास्तरांना शब्द ऐकू येत नव्हता. पण समोरच्या बायका माना डोलावत होत्या, एखादीनं पदर तोंडाला लावला होता. एकही मागं वळून बघत नव्हती.

खेळ संपल्यावर कचरू घाम पुसत पुढं आला. “माफ करा मास्तर. नदी यायच्या आधीच रिळाची पट्टी तुटली. दिवा झाकून जोडत बसलो, धा मिनटं तरी गेली. पडदा काळाकुट्ट, पर एक बाई कुरकुरली न्हाई. काय सांगून राह्यले होते तुम्ही त्यांना?”

पुढच्या खेळांना येणार नाही, एवढं रामरावांना सांगून मास्तर बहिणीला घेऊन स्टेशनावर आले.

गाडीत गर्दी नव्हती. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं मागं जात होती. जयवंताबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती.

“किसना, तू मला खोटं वाचून दाखवलं व्हय रे?”

“अक्का,” मास्तर तिच्याकडं सरकून बसले. “तुला कुणी सांगितलं?”

“तिनंच की. तू तर गप उभा व्हतास.”

ती रागावलेली दिसत नव्हती. उलट चेहरा मोकळा होता, कुणी जुनी मैत्रीण भेटून गेल्यासारखा.

“सगळ्या काहीबाही इचारू लागल्या तिला. मंग मी बी इचारलं. म्हनलं, पानी लई गार व्हतं का गं?”

गाडी बदनापूरच्या आधी हळू झाली.

“न्हाई म्हनली. पानी कोमट व्हतं. त्याचा हात गार व्हता.”