तळघरात दिलेला शब्द

नेपल्सला जायचं आमच्या मनातही नव्हतं. पुष्करला, म्हणजे आमच्या मुलाला, विमानाची स्वस्त तिकिटं मिळाली. "आबा, न्युरेम्बर्गमध्ये घरात बसून तुम्ही दोघं भांडत राहाल. सकाळी जा, रात्री परत या," म्हणाला. दोन हजार सात साल, सप्टेंबर संपत आला होता.

मी सोलापुरात तीस वर्षं बातमीदारी केली. भोंदूबाबा उघडे पाडणं हा माझा धंदाच होता म्हणा. निवृत्त झालो तरी अंगातली रग गेली नव्हती, आणि न्युरेम्बर्गला आल्यापासून तिला कारणही मिळालं होतं. नात उर्जा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू येत होतं, समजत सगळं होतं, पण शब्द नाही. किंडरगार्टनच्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं, घरात मराठी बंद करा, पोरीचा गोंधळ होतोय.

"आमची भाषा म्हणजे काय गोवर आहे?" मी फोन उचलला. पुष्करने तो काढून घेतला.

"आबा, हे सोलापूर नाही."

निधी, आमची सून, भांडली नाही. ती नळ सोडून ठेवायची आणि रडायची.

नेपल्सला आम्ही सकाळी वस्तुसंग्रहालय पाहिलं. ज्वालामुखीच्या राखेत कोळसा झालेला एक पाव काचेमागे होता, नीट फोडी पाडलेला. माझी बायको शुभा त्याच्यासमोरून हलेना.

"अहो, कुणीतरी जेवायला बसणार होतं हो."

मग रस्त्यावर उभ्याने तळलेला पिझ्झा खाल्ला. शुभाने पर्समधली शेंगदाण्याची चटणी त्यावर भुरभुरली आणि विकणाऱ्या बाईलाही चाखायला दिली. बाईने डोळे मिटून मान डोलावली आणि उरलेला पुडा हक्काने ठेवून घेतला.

दुपारी एका चर्चचं तळघर पाहायला गेलो. तेही संग्रहालयच, तिकीट लावलेलं. पायऱ्या उतरताना ओल्या मातीचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास नाकात भरला. खाली भिंतीलगत कवट्या. रांगाच्या रांगा. जुन्या साथीत मेलेले, बेवारस, बिननावाचे. तिथल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, की इथले लोक एकेक कवटी दत्तक घ्यायचे. ती पुसायचे, फुलं वाहायचे, नवस बोलायचे.

"यांचे आत्मे आगीत आहेत असं मानतात," ती म्हणाली. "त्यांना गारवा हवा असतो."

पितृपक्ष चालू होता. शुभाने बाटली उघडली आणि अंगठ्यावरून एका कवटीसमोर पाणी सोडलं.

"बायकांनी द्यायचं नसतं म्हणतात. इथे विचारतंय कोण?"

"मी बापाचंही केलं नाही, आणि तू इथे..."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मी एकटा उरलो. त्या कवटीला खालचा जबडा नव्हता. जबडाच नाही, तर बोलणार कशाने, असं मनात आलं. आणि कचेरीत माझ्या टेबलासमोर जो कुणी गप्प उभा राहायचा, त्याला मी म्हणायचो तेच तोंडातून निघालं. "बोला. मी ऐकतो. शेवटपर्यंत ऐकतो."

मग खाली वाकून म्हणालो, "पण आधी आमच्या उर्जाला बोलतं करा."

थट्टा नव्हती ती. मी हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना उर्जा बोलली. माझ्याकडे तोंड करून, एका दमात, घोगऱ्या आवाजात बोलली. निधीच्या हातातला डाव आमटीत पडला. मराठी नव्हतं, जर्मनही नव्हतं. मध्येच एका जागी ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बोलताना तिने खालचा जबडा हाताने धरला होता. तो निसटून पडेल असा.

मी ताटावरून उठलो.

उर्जाला तपासणाऱ्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, मुलं मनाची भाषा तयार करतात, आधी वाचा तरी फुटली. निधीने आईला फोन केला, शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन बाईंनाही शिरा नेऊन दिला. रात्री माझ्या पाया पडली.

"आबा, तुम्ही आलात आणि ती बोलायला लागली."

खोट्या चमत्कारांवर मी जन्मभर तुटून पडलो. खरा झाला तेव्हा आशीर्वाद देऊन गप्प बसलो. शुभालाही सांगितलं नाही.

रोज दुपारी तेच. तिने जबडा धरायचा, तेच शब्द म्हणायचे, त्याच जागी थांबायचं. मी उठायचो. आवाज दिवसेंदिवस घोगरा होत गेला. मग तिचा घसा सुजला, पाणीही गिळवेना. निधी मात्र म्हणायची, "बोलू दे तिला, आबा. थांबवू नका."

एका दुपारी मी उर्जाला कोपऱ्यावरच्या आइसक्रीमच्या दुकानात नेलं, घशाला गार लागेल म्हणून. मालक पास्क्वाले तरुणपणी नेपल्सहून इथल्या कारखान्यात आला होता, आता म्हातारा झालेला. उर्जा बाकावर माझ्याशेजारी बसली. जबडा धरला. बोलली.

पास्क्वाले काउंटरमागून बाहेर आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हिला हे कुणी शिकवलं? माझी पणजी असं बोलायची."

"काय म्हणतेय?"

"म्हणते, मी विन्चेन्झो. दोर वळायचो. ताप आला तेव्हा शेजाऱ्यांनी बाहेरून कडी घातली..." तो थांबला. "पुढचं सांगत नाही. म्हणते, या गृहस्थाने शेवटपर्यंत ऐकायचं कबूल केलंय. पण तो उठून जातो."



"सांग म्हणावं. मी बसलोय."

पास्क्वालेने तिला ते सांगितलं. मग ती बोलत गेली आणि तो अडखळत मला सांगत गेला. कडीच्या आतला अंधार. कोरडा माठ. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, श्वास ऐकू येतोय, पण ते बोलत नाही. आणि मग... पुढचं मी इथे सांगणार नाही. पण ऐकलं, शेवटपर्यंत.

उर्जाचा हात जबड्यावरून खाली आला.

"आबा, पाणी," ती म्हणाली. मराठीत. बारीक, स्वच्छ, तिच्या स्वतःच्या आवाजात.

मला रडू आवरेना. पास्क्वालेने पेला आणून दिला. ती घटाघटा प्यायली, पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघून हसली.

आणि तिचा हात पुन्हा जबड्याकडे गेला.

या वेळी आवाज घोगरा नव्हता. उतावळा होता. जरा किनरा.

"आता काय...? तो गेला ना?" मी पास्क्वालेला विचारलं.

पास्क्वालेने छातीवर क्रूसाची खूण केली. "तो गेला. ही बाई आहे."

"काय म्हणते?"

"म्हणते, ऐकणारा भेटलाय असं खाली सगळ्यांना कळलं..."

उर्जा बोलता बोलता बाकावर थोडी सरकली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. मग आणखी थोडी.