बारा नंबरच्या ट्रामची तपासणी

किहीमच्या एका नारळीच्या वाडीत विजेच्या जुन्या गाड्यांचं म्युझियम आहे, हे किहीमच्याच निम्म्या लोकांना ठाऊक नाही. त्यामुळे त्या दुपारी फाटकातून एक मुलगी एकटीच आत आली, तेव्हा रितेशला वाटलं, समुद्राची वाट चुकली असावी. निळी ओढणी, कपाळाला चिकटलेली एक बट… गाड्या दाखवायचं काम त्याचंच, पण आज तो जरा जास्तच खुलला. दोन ट्रॉलीबस दाखवून तिला बारा नंबरच्या ट्रामपाशी घेऊन आला. तिनं विचारलं, ही चालते का?

"चालते की. कधी कधी थांबतेसुद्धा."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकपेक्षा आमचा देवावर भरवसा जास्त."

ती हसली. गालाला खळी पडली. मग तिनं पर्समधून ओळखपत्र काढलं – रुचिका, विद्युत निरीक्षक. आपली जीभ कुठे लपवावी, ते रितेशला कळेना.

ट्राममध्ये माणसं बसवायची, तर परवाना हवा, आणि परवाना तिच्या सहीवर. मालक करमअली शेठ गाड्या सांभाळून थकले होते. दसऱ्यापर्यंत परवाना आला नाही तर सगळं भंगारात काढणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आणि त्या ट्रामची मोटर जिवंत करण्यात रितेशची चार वर्षं गेली होती.

त्या दिवशी तिनं अकरा दोष लिहून दिले. पुढच्या खेपेला तीन. त्या वेळी ती मोटरीपाशी टॉर्च धरून बसली, आणि रितेशनं तोच स्क्रू तीनदा घट्ट केला. शहाळं पुढे केलं, तर ड्यूटीवर काही घेत नाही म्हणाली. मग घड्याळात साडेपाच वाजेपर्यंत शहाळ्याकडे बघत बसली, आणि साडेपाचला प्यायली.

शेवटची तपासणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी. रितेशनं तिची स्कूटर अदबीनं रुळांच्या टोकाला, सावलीत नेऊन लावली. ट्राम निघाली. रुचिका त्याच्या शेजारी, हातात पेन. त्याला नुसतं पेन दिसत होतं.

"आता ब्रेक," ती म्हणाली.

त्यानं ब्रेकचं चाक गरागरा फिरवलं. खालची चाकं थांबली. ट्राम नाही थांबली.

"थांबवा ना."

"थांबवलीय."

"मग ही…"

"तिला अजून कळलेलं नाही."

रूळ संपायला वीस पावलं उरली होती. तिनं पेन टाकलं आणि त्याच्या हातांवर आपले दोन्ही हात घट्ट दाबले. ब्रेकचं चाक आणखी फिरणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं… पण हात कुणीच काढले नाहीत. ट्राम रुळांवरून उतरली, स्कूटरला सोबत घेऊन नारळाच्या सोडणांच्या ढिगात शिरली आणि दमल्यासारखी थांबली. काथ्याचा भुगा दोघांच्या केसांत.

राखणदार कोंडाजी धापा टाकत आले. "मॅडम येनार म्हनून पहाटेच रूळ चोपडले. चकचकीत दिसाया नको? घान्याचं खोबरेल हाय, भेसळ न्हाय."

रुचिकानं रुळावर बोट फिरवलं, वास घेतला. मग पेन शोधून ती लिहायला बसली. खूप वेळ लिहीत होती.

"नापास?" रितेशनं विचारलं.

"मी सही करत नाहीये." तिनं मान वर केली नाही. "संध्याकाळी दुसरे अधिकारी येतील, मी फोन करते. तोवर गाडी रुळांवर घ्या आणि तेल राखेनं घासून काढा. तेल सोडून दोष सापडला नाही, असं लिहिलंय."

"पण तुम्ही का नाही?"

"आमच्या ऑफिसात नियम आहे… आपल्या माणसाच्या गाडीला आपण सही द्यायची नाही. तसा वेगळा अर्ज भरावा लागतो."

तिनं कागद पुढे केला. कान लाल झाले होते तिचे. अर्जात विचारलं होतं, सदर व्यक्तीशी संबंध कधीपासून? पुढे तिनं तारीख घातली होती – तीन सप्टेंबर. ती फाटकातून पहिल्यांदा आत आली, तो दिवस.

"चूक असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "ऑफिसात खाडाखोड चालत नाही."

रितेशनं तारीख दोनदा वाचली. "चूक नाही," तो कसाबसा म्हणाला, आणि राख आणायला म्हणून तडक समुद्राकडे निघाला.

"दादा," कोंडाजी मागून ओरडले, "चूल हिकडं हाय."